झडती

एक्स-रे त्यांनी माझ्या हातून घेतला
आणि खिडकीच्या उजेडात धरला,
चौतीस वर्षं नोटांचे ताव धरले तसाच,
फक्त कडांना बोटं लावून.
खुब्यात सळई, दोन स्क्रू,
मणक्यांच्या रांगेत एक खचलेला.
बराच वेळ बघून म्हणाले,
"शिष्टर, हा ताव बाद आहे.
पुढं जाऊ देऊ नका."

जेलरोड, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
सकाळी सात आणि संध्याकाळी सहा.
सुकदेव गांगुर्डे, वय अठ्ठ्याहत्तर,
प्रेसमधून निवृत्त,
बाथरूमच्या उंबऱ्यावर पडले.
माझ्या वहीत एवढंच आहे.

बाकीचं हातांना माहीत होत जातं.
टाच उशीवर नाही, उशीच्या पुढं, अधांतरी.
गुडघ्यांमध्ये लोड, पायावर पाय नको.
दर दोन तासांनी कूस;
त्याचं वेळापत्रक सूनबाईंनी चिकटवलंय
गॅस सिलेंडरच्या तारखांशेजारी.
माकडहाडाशी लाली दिसली तर बोटानं दाबून बघायचं,
पांढरी पडते की तशीच राहते.
ओढायचं नाही. चादरीसकट सरकवायचं,
आणि आधी सांगून.
न सांगता हात लावला की
अंग दगड होतं त्यांचं.

मी सुरगाण्याकडची. आमच्याकडे
दुखण्याला इतकी नावं नाहीत.
आई दोन हंडे उतरवून कमरेला हात लावते
आणि म्हणते, "बसली."
काय बसली, कुठं बसली,
सतरा वर्षं नर्सिंग करून
मला अजून तिला विचारता आलेलं नाही.

डिसेंबरात निफाडची थंडी इथवर येते.
सकाळी त्यांची बोटं उघडायला तयार नसतात.
कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून ठेवते,
तेव्हा ते मोजतात.
शंभरापर्यंत, ओठ न हलवता,
आणि शंभरावर अंगठा आपोआप वळतो,
गड्डी बांधल्यासारखा.

खांदा मात्र हटून बसलेला.
हात वर करा म्हटलं की छातीपर्यंत, बस.
एकदा मी म्हटलं, "आप्पा, गेटवर कसे करायचात?"
सुट्टी झाली की रोज झडती,
रोज दोन्ही हात वर,
चौतीस वर्षं, काही चोरलेलं नसताना.
ते हसले नाहीत.
पण हात निघाले.
हनुवटी. कान. कानाच्या वर दोन बोटं.
कळ तोंडावर आली तरी तिथंच थांबले,
समोर भिंतीकडे बघत,
मागं रांगेत अजून माणसं असल्यासारखे.

मग मीही शिपाई झाले.
बंडीचा एक खिसा चाचपला.
दुसरा चाचपला.
दुसऱ्यात कॅल्शियमच्या गोळ्या. अकरा.
घामानं मऊ पडलेल्या,
एकीला सुताची लव चिकटलेली.

हात अजून वरच होते.
"पोट धरतं त्यानं," ते म्हणाले.
"मग भांडं मागावं लागतं, तासतासभर.
सून चांगली आहे हो.
म्हणूनच."

मी हात खाली घेतले त्यांचे, एकेक,
कोपराखाली तळवा धरून.
डॉक्टरांना फोन केला, गोळी बदलून घेतली.
पाणीही ते मोजूनच पीत होते, हे तेव्हा कळलं;
तांब्या डाव्या हाताशी आणून ठेवला.
द्वारकेवरून भाड्यानं खुर्ची आणली, मधोमध भोक असलेली,
तिच्या पुढ्यात वॉकर,
आणि आडवं दोरीवर एक जुनं पातळ.

पहिल्या दिवशी पातळाच्या अलीकडे
मी पाठ करून उभी होते, एका हाकेच्या अंतरावर.
सूनबाईंनी चहा पुढं केला. मी त्यांना
गोळ्यांचं बोलले नाही.
पलीकडून बराच वेळ काही नाही.
मग आवाज आला,
"चौतीस वर्षांत एकदाही सापडलो नव्हतो, शिष्टर."